तेलाचे माप सांगणारे पुस्तक

यजमानांच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) ६.१ आले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, आणि त्याच सुमारास सासूबाईंची रक्तदाबाची गोळी वाढली. नागपुरात, धंतोलीतल्या डॉक्टरांनी दोघांनाही जवळपास एकच सल्ला दिला: तेल-मीठ कमी करा, भाज्या आणि डाळी वाढवा, वजनाकडे लक्ष द्या. सल्ल्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते, पण तो तेथेच संपत होता. तेल कमी म्हणजे नेमके किती, आणि ते कमी केल्यावरही चार माणसे रोज कुरकुर न करता जेवतील असे काय शिजवायचे, हे सांगणारी पुस्तके आणि इतर साधने कोणती, याचा शोध मी त्यानंतर बरेच महिने घेतला. मी आहारतज्ज्ञ नाही; घरचा स्वयंपाक गेली पंचवीसेक वर्षे करते आहे, एवढाच माझा अधिकार.

सुरुवातीला एका आहारसल्ला केंद्रातून छापील तक्ता मिळाला. त्यात सकाळी ओट्स, दुपारी किन्वा, संध्याकाळी ब्रोकोलीचे सूप आणि सर्वत्र ऑलिव्ह तेल असा कार्यक्रम होता. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना सकाळी सकाळी गरम ओट्स खाण्याची कल्पना नागपूरच्या माणसाला कितपत रुचेल, हा विचार तक्ता करणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नव्हता. ज्वारी, जवस, अंबाडी, लाल भोपळा, चवळी यांचे नावही त्यात नव्हते. ओट्स, किन्वा वगैरे पदार्थ वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्या घरात रोज वरणभात, भाकरी आणि पातळ भाजी होते, तेथे हा कागद फ्रिजवर चिकटवण्यापलीकडे उपयोगाचा नव्हता.

मग सीताबर्डीवरची पुस्तकांची दुकाने पालथी घातली. आरोग्यदायी पाककृती या विषयावर मराठीत पुस्तकांची वाण नाही. मधुमेहींसाठी, हृदयरोग्यांसाठी, वजन कमी करणाऱ्यांसाठी अशी वेगवेगळी पुस्तके एका फळीवर मावणार नाहीत इतकी आहेत. उभ्याउभ्या ती चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसू लागली. प्रस्तावनेत तेल कमी वापरण्याचा आग्रह असे, आणि आत पाककृतीच्या साहित्यात मात्र "फोडणीसाठी तेल", "चवीनुसार मीठ", "आवश्यकतेनुसार गूळ" असे लिहिलेले असे. जो घटक कमी करण्यासाठी पुस्तक विकत घ्यायचे, त्याचेच माप पुस्तकात नाही. पदार्थ किती माणसांना पुरेल, हेही बहुतेक ठिकाणी नव्हते, आणि तो आकडा नसेल तर बाकीची सगळी मापे असूनही एका माणसाच्या ताटात काय आले ते कळायला मार्ग राहत नाही. "साखरमुक्त" या मथळ्याखालचे लाडू गूळ, खजूर आणि मध यांनी भरलेले होते. गुळात खनिजांचा अंश साखरेपेक्षा जास्त असतो हे खरे, पण उष्मांकांच्या हिशेबात दोहोंत थोडाच फरक आहे आणि रक्तातली साखर दोन्हींनी वाढते, हे त्या पानावर कोठेही सांगितलेले नव्हते. तेव्हापासून मी पुस्तक हातात घेतले की मुखपृष्ठ आणि प्रस्तावना सोडून थेट एखाद्या रस्साभाजीचे पान उघडू लागले आणि तेलाचे माप शोधू लागले. माप सापडले नाही की पुस्तक परत फळीवर.

या कसोटीवर सर्वांत आधी जे पुस्तक उतरले, त्याने आरोग्याचा दावाच केलेला नव्हता. कमलाबाई ओगले यांचे "रुचिरा" १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाले. माझ्या आईकडे त्याची बांधणी निसटलेली एक प्रत होती आणि ती मी लग्नानंतर नागपूरला आणली होती. वाटी आणि चमचा ही घरोघरची भांडीच तेथे मापे म्हणून वापरली आहेत. त्या पुस्तकातले सगळेच पदार्थ माझ्या कामाचे नाहीत, हे उघड आहे. तळणाची आणि पक्वान्नांची पाने मी आता क्वचितच उघडते. पण माप लिहिलेले असले की ते कमी करता येते, आणि किती कमी केले ते पुढच्या वेळी आठवते. अंदाजावर चालणाऱ्या पाककृतीत कमी करायचे तरी काय?

वाटीच्या मापाला एक अडचण आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या मी एका दुपारी डिजिटल काट्यावर पाणी भरून मोजल्या, तेव्हा आमटीची वाटी २१० ग्रॅम पाण्याची निघाली आणि सासूबाईंची जुनी जड वाटी १५० ग्रॅमची. पाण्याचे एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे हिशेब सोपा होता: एकाच पाककृतीतल्या दोन वाट्या बेसनात कोणती वाटी उचलली त्यावर चांगलाच फरक पडणार. १५० ची वाटी मी मापाची म्हणून वेगळी काढून ठेवली आणि तिच्या बुडाला रंगाचा ठिपका लावला. इंग्रजी पुस्तकांतला कप हा यांपैकी कोणताच नव्हे. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, आणि त्यांचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. आपल्याकडच्या अनुवादित पाककृतींत कपाची वाटी करून टाकलेली पुष्कळदा दिसते, आणि मग केक बसतो, खीर आटत नाही, दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला लागतो.

मापे मिळाली तरी किती हे योग्य, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पाकपुस्तकात शोधण्यात अर्थ नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली आहेत. ती संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यात २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या ताटाचा एक नमुना आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्ये आणि डाळी येथे कच्च्या वजनाच्या आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, आणि तोही लोणचे, पापड, शेव, फरसाण यांतले मीठ धरून. हे वाचल्यावर माझ्या शोधाची दिशाच बदलली. तेलाची काळजी मी करत होतेच, पण भाजीच्या ४०० ग्रॅमच्या जवळपासही आम्ही नव्हतो. आमच्या घरी चार माणसांत अर्धा किलो भाजी होत असे, आणि ती भरपूर वाटत असे.

याच संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत, पुस्तक इंग्रजी असले तरी पदार्थांची मराठी नावेही दिलेली आहेत, त्यामुळे शोधाशोध फार करावी लागत नाही. पाककृतींच्या पुस्तकांतले दावे तपासायला याच्याइतके उपयोगी साधन मला दुसरे सापडले नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे सगळेच लिहितात आणि ते खरे आहे. १०० ग्रॅममागे ३६४ मिलिग्रॅम. पण तिच्या नावावर लोहाचाही जो गाजावाजा असतो, त्यात बाजरी तिच्या पुढे आहे. ज्वारीच्या बाबतीत मला अधिक आश्चर्य वाटले. ज्वारीत तंतूंचे प्रमाण गव्हापेक्षा पुष्कळ जास्त, असे मी कितीतरी ठिकाणी वाचले होते. तक्त्यात ज्वारीचा आकडा १०० ग्रॅमला सुमारे १०.२ ग्रॅम आहे आणि कणकेचा ११.४. म्हणजे कोंडा न चाळलेल्या कणकेची पोळी सोडून भाकरीकडे वळलेल्याला तंतूंचा लाभ होतो, असे म्हणता येत नाही. भाकरी आमच्याकडे वाढली ती वेगळ्या कारणाने: तिला तेल लागत नाही, आणि एका भाकरीत पोट भरते. पोळीला मात्र मोहन, घडीत तेल आणि वरून तूप असे तीन ठिकाणी तेल-तूप जाते, आणि ते कोणी मोजत नाही.

आता एका पदार्थाविषयी सविस्तर सांगते, कारण साधनांची खरी पारख त्याच्यावर झाली. पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, आमच्याकडे महिन्यातून एकदोनदा होतोच. त्याच्या तीन पाककृती मी समोर ठेवल्या: एक लोकप्रिय चित्रफितीतली, एक छापील पुस्तकातली, आणि एक शेजारच्या काकूंच्या वहीतली. चित्रफितीत तेल "अंदाजाने" होते. म्हणून मी तिच्याबरहुकूम स्वयंपाक केला आणि फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलाची बाटली आधी व नंतर काट्यावर ठेवली. चार माणसांच्या रश्श्यात जवळजवळ ११० ग्रॅम तेल गेले होते. माणशी सत्तावीस ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे पोषण संस्थेच्या नमुना ताटातला दिवसभराचा सगळा वाटा एका रश्श्यातच संपला. छापील पुस्तकात तेल कमी होते, पण ते भरून काढायला सुके खोबरे आणि खसखस दुप्पट होती. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो. बाटलीतले तेल वाचवून वाटणातून तेच घालण्याला कमी तेलाची पाककृती म्हणायचे असेल, तर तो हिशेबाचा खेळ झाला.

काकूंच्या वहीत मापे नव्हतीच, पण रीत होती, आणि तीच उपयोगी पडली. त्या कांदा तेलात परतत नाहीत. सालासकट गॅसवर भाजून, काळी साल काढून वाटतात, आणि रश्श्याला दाटपणा यावा म्हणून भाजलेल्या चणाडाळीची चमचाभर पूड लावतात. मी त्याला मोजलेले ३५ ग्रॅम तेल जोडले. चव जवळजवळ तीच आली, वर तरंगणाऱ्या लाल तेलाचा, म्हणजे तर्रीचा, रंग मात्र आला नाही, आणि सासूबाईंनी पहिल्याच घासाला विचारले, "तर्री नाही, तं मग रस्सा कायचा?" त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. पुढच्या वेळी त्या ३५ ग्रॅमांतले पंधरा ग्रॅम बाजूला काढून, कोमट तेलात तिखट सोडून, चमचाभर पाण्याचा हबका मारून वेगळी तर्री केली आणि ती कढईत न ढवळता वाढताना पाटोडीवर सोडली. डोळ्यांना लाल, जिभेला झणझणीत, आणि तेल मूळच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ही युक्ती कोणत्याही आरोग्यविषयक पुस्तकात मला दिसली नाही.

मिठाचा हिशेब तेलापेक्षा अवघड निघाला, कारण ते अनेक वाटांनी येते. पाटोडीच्या बेसनात मीठ, रश्श्यात मीठ, तयार मसाल्याच्या पाकिटात मीठ. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण २ ग्रॅम सोडियम, हे एक सूत्र लक्षात असले की तो आकडा वाचता येतो. या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या पाकपुस्तिका मला आदर्श वाटल्या. त्यातले पदार्थ आपल्या घरात शिजणारे नव्हेत, पण प्रत्येक पाककृतीखाली किती जणांसाठी, एका वाढपाचा आकार काय, त्यात उष्मांक किती, स्निग्धांश किती, सोडियम किती, हे न चुकता दिलेले आहे. मराठी पाकपुस्तकांनी दुसरे काही नाही तरी एवढे उचलावे. उलट एका मराठी पुस्तकात रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांना कमी सोडियमचे मीठ वापरा असा सरसकट सल्ला होता. या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. सासूबाईंच्या गोळीचे नाव सांगून मी डॉक्टरांना विचारले, आणि त्यांनी नको म्हटले. ते पुस्तक मी कोणाला सुचवत नाही.

चित्रफितींबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्या रीत शिकायला उत्तम आणि प्रमाण शिकायला बहुधा निरुपयोगी. थालीपीठ थापताना बोटे कशी फिरवायची हे छापील पानावर समजत नाही, ते पाहावेच लागते. विष्णू मनोहर यांच्यासारखे नागपूरचेच नामवंत बल्लवाचार्य वैदर्भीय पदार्थ दाखवतात, तेव्हा सांबारवडीची (कोथिंबिरीच्या वडीची) पारी किती पातळ लाटायची किंवा गोळाभातातले गोळे भातात कधी सोडायचे, हे नजरेला नीट कळते. प्रमाण मात्र आपल्या काट्यावर आणि आपल्या ताटाच्या हिशेबाने ठरवावे लागते.

भाज्यांची अडचण मला सर्वांत जास्त काळ पुरली. आपल्या बहुतेक पाककृतींत भाजी ही पोळीला लावून खाण्याची वस्तू असते, त्यामुळे ती मोजकी आणि मसाल्याने, तेलाने सजलेली असते. माणशी दोनशे ग्रॅम एका वेळी सहज खाल्ली जाईल अशी भाजी या पद्धतीने केली तर तेलही त्याच पटीत वाढते. म्हणून ज्या पाककृतींत भाजीचे वजन जास्त आणि तेल मुळातच कमी, अशा मी वेगळ्या काढू लागले. वांग्याचे भरीत, मुगाची डाळ घालून केलेली पातळ पालेभाजी, ताकातली चाकवत, लाल भोपळ्याची बाकरभाजी नव्हे तर नुसती वाफवलेली भाजी, कच्च्या कांदा-टमाटराची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर. यांतल्या कितीतरी पाककृती पुस्तकांत होत्या, पण अडगळीत. लेखकांना त्या फार साध्या वाटत असाव्यात.

पावसाळ्यात या कामाला अनपेक्षित मदत मिळाली. राज्याचा कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. तेथे गावाकडच्या बचत गटांच्या स्त्रिया तरोटा, कुरडू, घोळ, अंबाडी अशा भाज्या विकायला आणतात, शिजवूनही दाखवतात, आणि काही दालनांवर पाककृतींची छापील पत्रके मिळतात. ही पत्रके दिसायला साधी, पण गृहविज्ञान शिकलेल्या माणसाने लिहिलेली असली तर त्यांत वजने ग्रॅममध्ये असतात, भाजी किती वेळ उकळायची आणि पाणी टाकायचे की ठेवायचे तेही असते. नागपूरला दरवर्षी भरणाऱ्या अ‍ॅग्रोव्हिजन या कृषिप्रदर्शनातही अशी पत्रके मिळवण्याचा मी प्रयत्न करते. गोकुळपेठच्या बाजारात तरोट्याच्या जुड्या दिसल्या तेव्हा मी ते पत्रक घेऊनच गेले होते. भाजीवाल्या मावशींनी ते पाहिले नाही, जुडी उलटी करून देठ नखाने तोडून दाखवला आणि म्हणाल्या, "पहिल्या पानीपावसाचाच घ्या बाई. मंग कडू लागते, कितीबी उकळा." पत्रकात हे नव्हते. मी ते शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले.

अंबाडीचे उदाहरण द्यायचे तर आमच्याकडे ती ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची भरघोस फोडणी ओतून करतात. पत्रकातल्या पद्धतीत भाजी आधी उकळून आंबटपणा कमी करायचा, कण्या आणि तुरीची डाळ एकत्र शिजवायची, आणि फोडणी सहा जणांना तीन लहान चमचे. लहान चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल बसते, म्हणजे माणशी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. धान्य, डाळ आणि पालेभाजी एकाच पातेल्यात आल्यामुळे सोबत भाकरीही एक कमी लागते. हा पदार्थ आता आमच्याकडे ठरलेला आहे, आणि यजमान तो मागून घेतात, जे ओट्सच्या बाबतीत कधी घडले नाही.

निवडलेल्या पाककृती मी एका फाइलीत ठेवते. प्रत्येक कागदावर माणसे किती, तेल किती ग्रॅम, मीठ किती, भाजीचे कच्चे वजन किती, आणि पाककृती कोठून घेतली, एवढे असते. पुन्हा केल्यावर कोणी काय म्हटले तेही कोपऱ्यात लिहिते. वडाभातासारखे पदार्थ मी या फाइलीत घातलेले नाहीत. वडे तळायचे आणि त्यावर गरम तेलाची फोडणी ओतायची, ही त्याची जात आहे. तो सणाला होतो, तसाच होतो, आणि त्याची वाफवलेली आवृत्ती सुचवणारे एक पान मी वाचून सोडून दिले. जवसाची चटणी मात्र पहिल्या कागदावर आहे: जवस कोरडेच भाजायचे, तडतडायला लागले की उतरायचे, लसूण, तिखट आणि मीठ घालून कुटायचे. तेलाचा थेंबही लागत नाही, आणि ती भाकरीवर घेतली की लोणच्याची आठवण होत नाही.

सावजी, म्हणजे नागपूरच्या तिखटजाळ मसालेदार रश्श्याची मोजलेली पाककृती अजून फाइलीत आलेली नाही. छापील पुस्तकांत आणि चित्रफितींत ती पुष्कळ आहे, पण एकीचा मसाला दुसरीशी जुळत नाही आणि तेलाच्या रकान्यात सगळीकडे मौन आहे. गोळीबार चौकाजवळ राहणाऱ्या आमच्या एका परिचित वहिनींच्या घरी हा रस्सा पिढ्यानपिढ्या होतो. त्यांना माप विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे माप हातात राहते. काटा घेऊन या, मी टाकत जाते, तुम्ही मोजत जा." मसाल्याची प्रत्येक मूठ कढईत पडण्याआधी काट्यावरच्या ताटलीत टाकायची, असे ठरले आहे, तेलाची बाटलीही त्यांनी नवी, न फोडलेली ठेवायचे कबूल केले आहे.